अंगावर पिणारे मूल, बाळंतीण आणि लोह

चुनखडीच्या जमिनीतील उसाची कोवळी पाने पिवळी, पुढे पांढुरकी पडू लागली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, की जाणता शेतकरी हा केवडा आहे असे ओळखतो. अशा जमिनीत लोह नसते असे नाही. ते पुष्कळ असते. परंतु चुनखडीमुळे मुळांना ते घेता येत नाही. हिराकसाची फवारणी करून जमिनीस शेणखताची जोड दिली म्हणजे नवी पाने पुन्हा हिरवी निघतात.

लोहाची अशीच तूट आपल्या घरांतही पडते. ती पडते लेकुरवाळ्या स्त्रियांच्या आणि तान्ह्या मुलांच्या अंगात. पिकाचा पिवळेपणा बांधावरून दिसतो. पण घरातील माणसाचा फिकेपणा रोज पाहणाऱ्या डोळ्यांच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९ ते २०२१ या काळात महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांची तपासणी झाली. तेव्हा शंभरांपैकी सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय आढळला. त्यापूर्वीच्या, म्हणजे २०१५-१६ च्या पाहणीत हेच प्रमाण सुमारे ५४ होते. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या स्त्रियांत ते शंभरात ५४ इतके होते. रक्तक्षयाची कारणे अनेक असली तरी लोहाची तूट हे त्यांतील फार मोठे कारण आहे, आणि ते घरच्या घरी टाळण्याजोगे आहे.

या विषयात एक गोष्ट प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. लोहाच्या बाबतीत आई आणि मूल यांचे हिशेब वेगवेगळे आहेत. आईने गोळ्या घेतल्या म्हणजे दुधावाटे मुलाला लोह मिळाले, असा समज खेड्यापाड्यांत सर्वत्र आढळतो. हा समज बरोबर नाही, आणि त्यापायी अनेक मुलांचे नुकसान होते. ते कसे, हे पुढे पाहू.

लोह शरीरात काय करते

रक्ताचा लाल रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्यास हिमोग्लोबिन म्हणतात. श्वासावाटे आलेला प्राणवायू शरीराच्या कानाकोपऱ्यात पोचविणे हे त्याचे काम. हे द्रव्य तयार होण्यास लोह अवश्य लागते. लोह कमी पडले की हिमोग्लोबिन कमी होते. मग थोड्या कामाने धाप लागते, डोके जड होते, हातपाय गळतात. काही स्त्रियांना माती, भिंतीचा पोपडा, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. घरातील माणसे याला वाईट खोड म्हणतात. परंतु पुष्कळदा ती लोहाच्या तुटीचीच खूण असते.

मुलांच्या बाबतीत तोटा याहूनही खोल जातो. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ झपाट्याने होत असते आणि तिलाही लोह लागते. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका या देशात डॉ. बेट्सी लोझॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. तान्हेपणी ज्यांना दीर्घकाळ लोहाची मोठी तूट होती, त्यांना औषध देऊन त्यांचे रक्त सुधारण्यात आले. तरीही पाचव्या वर्षी घेतलेल्या चाचण्यांत ही मुले इतरांच्या मागे राहिली, आणि पुढे एकोणीस वर्षांच्या वयापर्यंत हे अंतर भरून निघाले नाही. पहिल्या पाळीला चुकलेले पाणी पुढे कितीही दिले तरी उगवण भरून येत नाही, तसेच हे आहे. म्हणून रक्तक्षय झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तो होऊच न देणे शहाणपणाचे ठरते.

बाळाची शिदोरी

पूर्ण दिवसांचे बाळ जन्मते तेव्हा त्याच्या अंगात दर किलो वजनामागे सुमारे ७५ मिलिग्रॅम लोह असते. ही शिदोरी त्याला आईच्या पोटातच मिळते, आणि तिचा मोठा भाग शेवटच्या तीन महिन्यांत भरला जातो. यावरून दोन गोष्टी उघड होतात. पहिली अशी की, दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची शिदोरी अपुरी असते. अशा बाळास लोहाचे थेंब सहाव्या महिन्याच्या कितीतरी आधी सुरू करावे लागतात. ते केव्हा व किती, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे आहे. दुसरी गोष्ट अशी की, गरोदरपणी आईने घेतलेल्या गोळ्या बाळालाही उपयोगी पडतात, कारण त्या वेळी दोघांचे रक्त नाळेने जोडलेले असते.

या शिदोरीत शेवटची भर जन्माच्या वेळी पडते. बाळ बाहेर आल्यानंतरही काही मिनिटे नाळेतून त्याच्याकडे रक्त जात असते. नाळ तत्काळ बांधली तर हे रक्त वारेतच राहून वाया जाते. २००६ साली मेक्सिको शहरात झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, नाळ बांधण्यास सुमारे दोन मिनिटे थांबल्यामुळे सहाव्या महिन्यात बाळाच्या अंगी २७ ते ४७ मिलिग्रॅम लोह अधिक राहिले. आपल्याकडील ‘ॲनिमिया मुक्त भारत’ मोहिमेतही निदान तीन मिनिटे किंवा नाळेची धडधड थांबेपर्यंत वाट पाहावी, असे सांगितले आहे. यास एक पैसाही खर्च येत नाही. बाळ रडत नसेल वा आईची प्रकृती बिघडली असेल तर मात्र डॉक्टर व परिचारिका योग्य तो निर्णय घेतात. बाळंतपण दवाखान्यातच करावे, याचे हेही एक कारण आहे.

आईच्या दुधाची थोरवी आणि त्याची मर्यादा

आईच्या दुधात लोह थोडे असते. लिटरभर दुधात ते अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षाही कमी भरते. परंतु जेवढे असते त्यातील बराच मोठा हिस्सा बाळाच्या अंगी लागतो. हे अल्प लोह आणि जन्मतः मिळालेली शिदोरी यांवर निरोगी व पुरेशा वजनाच्या बाळाचे पहिले सहा महिने सुखाने निघतात. म्हणून या काळात बाळास केवळ अंगावरचे दूध द्यावे. पाणी, मध, गुटी, गाईचे वा शेळीचे दूध यांपैकी काहीही देऊ नये.

आईला रक्तक्षय असला तरी तिच्या दुधातील लोहात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे ‘सून फिकट झाली, तिच्या दुधात आता सत्त्व नाही’ असे म्हणून अंगावरचे दूध तोडणे ही मोठी चूक होय. उलट, आईने गोळ्या घेतल्या तरीही दुधातील लोह वाढत नाही. तिच्या गोळ्या तिच्या स्वतःच्या शरीरासाठी असतात. दोघांचे हिशेब वेगळे, असे प्रारंभी म्हटले ते याच अर्थाने. नाळ तुटली, तेव्हाच सामाईक खाते बंद झाले.

पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत बाळाचे वजन दुप्पट होते. वजनाबरोबर रक्तही वाढते आणि शिदोरी संपत येते. येथून पुढे केवळ दुधावर राहिलेले मूल गुटगुटीत दिसले तरी आतून लोहाच्या बाबतीत रिते होत जाते. याचा अर्थ दूध बंद करावे असा नव्हे. दोन वर्षे व त्यापुढेही अंगावरचे दूध चालू ठेवावे. परंतु लोहाची सोय मात्र वेगळी केली पाहिजे.

उष्टावण झाले, पुढे काय?

आपल्याकडे सहाव्या-सातव्या महिन्यात उष्टावणाची रीत आहे. मामाच्या किंवा आजोबांच्या हातून बाळाला खिरीचे बोट चाटवितात, आल्यागेल्याला जेवण होते, आणि दुसऱ्या दिवसापासून बाळ पुन्हा निव्वळ दुधावर राहते. पुष्कळ घरांत खरे अन्न सुरू होण्यास बाळाचे वर्ष उलटते. उष्टावण हा एका दिवसाचा समारंभ न राहता तेथून रोजचे अन्न सुरू झाले पाहिजे.

आरंभी दोन-तीन चमचे मऊ अन्न दिवसातून दोन-तीन वेळा द्यावे. मूगडाळ-भाताची घोटलेली खिचडी, तीत मेथी, चवळई किंवा शेवग्याचा कोवळा पाला बारीक करून शिजविलेला आणि खाली उतरविल्यावर पिळलेले लिंबाचे चार थेंब, एवढ्याने उत्तम सुरुवात होते. हळूहळू प्रमाण वाढवीत अर्ध्या वाटीपर्यंत न्यावे. नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा भरवावे. ज्या घरी मांसाहार चालतो तेथे अंडे, काटे काढलेले मासे, कुस्करलेली कलेजी बाळास अवश्य द्यावी. कारण मांस व मासळी यांतील लोह धान्य-भाजीतील लोहापेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात अंगी लागते.

दुभत्या घरांना येथे एक इशारा द्यावासा वाटतो. गोठ्यात गाय असली म्हणजे बाळाला वाटीभर दूध पाजण्याचा मोह होतो. गाईच्या दुधात लोह अत्यल्प असते व त्यातील फारच थोडे अंगी लागते. एक वर्षाच्या आत ते दिल्यास काही मुलांच्या आतड्यांतून नकळत रक्तही झिरपते. शिवाय दुधाने पोट भरले की मूल अन्न खात नाही. म्हणून बाळ वर्षाचे होईपर्यंत गाईचे वा म्हशीचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये. चहात बुडविलेले बिस्किट तर मुळीच देऊ नये.

एवढे करूनही केवळ अन्नावर या वयातील सर्व गरज भागणे कठीण असते. यासाठी शासनाच्या वतीने सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या प्रत्येक मुलास लोह व फॉलिक ॲसिड यांचे पातळ औषध विनामूल्य देण्यात येते. ते आठवड्यातून दोन वेळा, दर वेळी एक मिलिलिटर द्यावयाचे असते. त्यात २० मिलिग्रॅम लोह व १०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. बाटलीबरोबर येणाऱ्या मापानेच औषध मोजावे. घरातला चमचा वापरू नये. मुलाचे पोट रिकामे नसताना, जिभेच्या मागील भागावर औषध सोडावे, म्हणजे दातांवर डाग पडत नाहीत. ताप किंवा दुसरा तीव्र आजार असता औषध थांबवावे व मूल बरे होताच पुन्हा सुरू करावे. फार कुपोषित मुलास मात्र डॉक्टरांना विचारूनच द्यावे.

बाळंतिणीचे स्वतःचे खाते

गरोदरपण व बाळंतपण मिळून स्त्रीच्या शरीरास सुमारे १,००० मिलिग्रॅम लोहाची गरज पडते. बाळ व वार यांकरिता त्यातील सुमारे ३०० मिलिग्रॅम जातात. बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेले, तर निरोगी स्त्रीच्या अंगातून आणखी २०० ते २५० मिलिग्रॅम लोह कमी होते. जिचे खाते आधीच रिकामे आहे, तिला हा रक्तस्राव सोसवत नाही. बाळंतपणात स्त्रिया दगावण्यामागे हे एक मोठे कारण असते. जी निभावते, तीही महिन्या-दोन महिन्यांत खुरपे घेऊन रानात जाते, अंगावर पाजते, पाणी भरते, सर्वांच्या मागून जेवते. तिला येणाऱ्या थकव्यास घरात आळस म्हणतात. दोन मुलांमध्ये अंतर थोडे असेल तर दुसरे बाळ रिकाम्या कोठारातूनच आपली शिदोरी घेते.

म्हणून गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी घ्यावी आणि बाळंतपणानंतरही ती सहा महिने, म्हणजे १८० दिवस, चालू ठेवावी. या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. देशात गरोदर व स्तनदा स्त्रियांना अशा गोळ्या वाटण्याचे कार्य १९७० सालापासून चालू आहे. २०१३ साली व पुन्हा २०१८ साली त्याची नव्याने आखणी झाली. गोळ्या घरोघर पोचतात, हे खरे. परंतु बाळंतपणापूर्वी नियमाने घेतलेली गोळी बाळ झाल्यावर फडताळात पडून राहते, असे अनेक ठिकाणी दिसते. ‘बाळ झाले, आता गोळी कशाला?’ असे म्हटले जाते. वास्तविक हीच वेळ रिकामे खाते भरून काढण्याची असते.

गोळी जेवणानंतर तासा-दोन तासांनी, पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. मळमळत असेल तर रात्री निजण्यापूर्वी घ्यावी. चहा किंवा दूध यांबरोबर घेऊ नये. कॅल्शियमची गोळीही याच वेळी देण्यात येते. परंतु त्या दोन गोळ्यांमध्ये दोन तासांचे अंतर असावे, कारण कॅल्शियममुळे लोह अंगी लागण्यास अडथळा होतो. शौचास काळे होणे हे गोळी लागू पडत नसल्याचे चिन्ह नव्हे. त्यात भिण्यासारखे काही नाही.

ताटातील लोह आणि त्याची वाट अडविणारे पदार्थ

आपल्या धान्यप्रधान आहारातील लोहापैकी शंभरातील पाच ते आठ भागच अंगी लागतात. चुनखडीच्या जमिनीत उसाची जी अडचण होते, तीच येथे आपली होते. धान्याच्या कोंड्यातील व डाळींतील काही द्रव्ये आणि चहातील तुरट अंश लोहाला धरून ठेवतात. ही अडवणूक कमी करण्याच्या युक्त्या आपल्या स्वयंपाकघरात पूर्वापार आहेत. मटकी-मूग भिजवून मोड आणावेत. आंबवून इडली-आंबोळी करावी. नाचणीला मोड आणून मग सत्त्व करावे. जेवणात लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो यांपैकी काहीतरी असावे. त्यांतील क जीवनसत्त्व लोहाला शरीरात वाट करून देते. चहा जेवणाबरोबर न घेता निदान तासभर मागेपुढे घ्यावा. सकाळी भाकरी चहात बुडवून खाण्याची सवय लेकुरवाळीने तरी सोडावी. लोखंडी तवा व कढई अडगळीत टाकू नये. त्यांत शिजविलेल्या, विशेषतः आमसूल-चिंच घातलेल्या, पदार्थात लोहाची थोडी भर पडते.

काही समज तपासून घेण्यासारखे आहेत. बीट लाल असते, म्हणून ते खाल्ल्याने रक्त वाढते असे मानतात. पण त्यात लोह फारच थोडे असते. गुळात लोह असले तरी आपण खातो तो खडा लहान असतो. नाचणी उत्तम धान्य आहे. परंतु तिची खरी कीर्ती कॅल्शियमबद्दल आहे. याउलट, बाळंतिणीस अळिवाचे लाडू देण्याची आपली जुनी रीत चांगली आहे. अळिवात लोह भरपूर असते. लाडवावर लिंबू-पेरू देऊन तिचा उपयोग वाढवावा. मात्र ‘बाळंतिणीला पालेभाजी बाधते, बाळाचे पोट दुखते’ असे सांगून तिला केवळ भात-तूप व मेथीचे दाणे यांवर ठेवणे योग्य नाही. नीट धुऊन शिजविलेली पालेभाजी तिला बाधत नाही.

शेताचा हातभार

या कामी शेतकऱ्याचाही मोठा वाटा आहे. बाजरी हे मुळातच लोहयुक्त धान्य. इक्रिसॅट या संस्थेने राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने ‘धनशक्ती’ नावाचे अधिक लोहाचे बाजरीचे वाण तयार केले, व २०१४ साली ते देशभरच्या लागवडीसाठी प्रसृत झाले. त्याच्या किलोभर दाण्यांत सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. हे वाण संकरित नसल्याने काळजीपूर्वक निवडलेले घरचे बियाणे पुन्हा पेरता येते. महाराष्ट्रातील शाळकरी मुलांना अधिक लोहाच्या बाजरीच्या भाकरी देऊन केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मुलांच्या अंगातील लोहसाठा वाढल्याचे दिसून आले. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, यास्तव आठवडाभर पुरेल एवढेच दळावे.

मोरीच्या पाण्यावर परसात शेवग्याची दोन झाडे, एक लिंबाचे झाड आणि चवळई-मेथीचे दोन वाफे सहज होतात. त्यांतील पाला प्रथम लेकुरवाळीच्या ताटात व मुलाच्या वाटीत जाईल, असा नियम घरातील कर्त्या पुरुषाने घालून द्यावा. भाजीची जुडी बाजारात विकून त्याच पैशांत बिस्किटाचा पुडा आणणे हा तोट्याचा व्यवहार होय.

आतड्यांतील आकडेकृमी रोज थोडे थोडे रक्त शोषून घेतात. उघड्यावरील शौचामुळे त्यांच्या अळ्या मातीत वाढतात व अनवाणी पायातून शरीरात शिरतात. म्हणून संडासाचा वापर, पायांत वहाणा आणि वर्षातून दोन वेळा होणाऱ्या जंतनाशक मोहिमेत गोळी घेणे, ही तिन्ही कामे करावीत. एक ते दोन वर्षांच्या मुलास जंताची अर्धी गोळी कुस्करून पाण्यातून देतात. गरोदर व स्तनदा स्त्रियांनी ती आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सल्ल्याने घ्यावी.

सावधगिरीच्या गोष्टी

प्रत्येक फिकट माणसास लोहाचीच तूट असते असे नव्हे. नंदुरबार, तसेच गडचिरोली व विदर्भाच्या अन्य काही भागांत सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. थॅलेसेमिया हाही तसाच आजार. यांत लोह आपल्या मनाने देणे हितावह नसते. महिना-दोन महिने नियमाने औषध घेऊनही रक्त वाढत नसेल, किंवा घरात असा आजार असेल, तर तपासणी करून घ्यावी. मोहिमेच्या नियमानुसार सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात दर १०० मिलिलिटर रक्तात ११ ग्रॅमपेक्षा, व बाळंतिणीत १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असल्यास रक्तक्षय समजतात. मुलात ७ ग्रॅमपेक्षा व बाळंतिणीत ८ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास तो तीव्र होय. तेव्हा विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

लाल गोळ्या लहान मुलांस खाऊसारख्या वाटतात. मूठभर गोळ्या खाल्ल्यास मुलाच्या जिवास धोका होतो. त्या उंच व बंद जागी ठेवाव्यात, आणि मुलाने खाल्ल्याचा संशय जरी आला तरी तत्काळ दवाखान्यात न्यावे. पिकासाठी आणलेले हिराकस कोणीही औषध म्हणून पोटात घेऊ नये. ते पिकावर फवारण्यासाठीच आहे, त्यात घातक भेसळ असू शकते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी एकत्र बसून पुढील कामे वाटून घ्यावीत.

१. गावातील प्रत्येक बाळंतिणीची व दोन वर्षांखालील प्रत्येक मुलाची यादी दोन वेगळ्या रकान्यांत ठेवावी. आईला गोळ्या मिळाल्या म्हणून मुलाच्या रकान्यात खूण करू नये.

२. ‘गोळ्या दिल्या’ याऐवजी ‘गोळ्या घेतल्या’ याची नोंद करावी. घरी गेल्यावर रिकामे पाकीट व औषधाची बाटली पाहावी.

३. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांची नावे वेगळी काढून त्यांना लवकर डॉक्टरांना दाखवावे.

४. मूल सहा महिन्यांचे होताच त्याच आठवड्यात घरी जाऊन वरचे अन्न व लोहाचे औषध सुरू झाले की नाही ते पाहावे. उष्टावणाचे निमंत्रण आल्यास बाटली सोबत न्यावी.

५. बोलताना केवळ सुनेशी बोलून थांबू नये. घरात काय शिजावे व कोणी केव्हा जेवावे हे बहुधा सासूबाई ठरवितात, आणि दवाखान्याचा खर्च नवरा. त्या दोघांना पटले तर काम होते. सासूबाईंना ‘तुमच्या काळी असे काही नव्हते’ असे हिणवू नये. त्यांच्या अळिवाच्या लाडवाचे कौतुक करावे व मग लाल गोळीचे सांगावे.

६. ग्रामसभेत वर्षातून एकदा तरी गावातील मुलांच्या व स्त्रियांच्या रक्ततपासणीचा आढावा ठेवावा.

बी पेरण्याआधी आपण जमिनीचा कस पाहतो, दुभत्या जनावराला पेंड कमी पडू देत नाही, वासराच्या वाट्याचे दूध राखून ठेवतो. घरातील लेकुरवाळीच्या व तान्ह्याच्या वाट्याचे लोह राखून ठेवणे याहून अवघड नाही. एक लाल गोळी, आठवड्यातून दोनदा मिलिलिटरभर औषध, जेवणावर एक लिंबाची फोड, आणि सर्वांबरोबर वाढलेले लेकुरवाळीचे ताट, एवढ्याने बहुतेक काम होते. या महिन्यात आपल्या घरी किंवा शेजारी सहा महिने पुरे होणारे मूल असेल, तर त्याचे औषध सुरू झाले आहे काय, एवढी चौकशी प्रत्येक वाचकाने आज अवश्य करावी.